इंटरनॅशनलमधली भिंत

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला विद्यार्थी निवासाच्या स्वयंपाकघरात मोजपट्टीचं टोक ओट्याच्या कडेला धरून मल्हार खाली वाकला होता, आणि मागून कुणीतरी त्याच्या आईच्या भाषेत विचारलं, "दादा, इथं भित घालायलाव का तुमी?" पट्टी हातातून सुटली आणि सर्रकन डबीत गेली. आवाज आईचा नव्हता. तरुण होता, आणि वाक्याच्या शेवटाला एक अनोळखी उचल होती. पण ते 'घालायलाव', ती 'भिंती'तला अनुस्वार गिळलेली 'भित', ते त्यानं पुण्यात आर्किटेक्चरला असताना पाच वर्षं खपून जिभेवरून खरवडून काढलं होतं. आरशासमोर उभं राहून काढलं होतं. वळून पाहिलं तर मोरीपाशी एक उंच, काळी मुलगी भगुलं घासत उभी होती, केसांच्या बारीक बारीक वेण्या मानेवर एकत्र बांधलेल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. त्यानं इंग्रजीत सांगितलं की थोडे बदल करायचे आहेत. ती मराठीतच म्हणाली, "थोडं न्हाई दिसत. खडूची रेघ पार त्या टोकापर्यंत गेली की."

तिचं नाव हिरुत. इथिओपियाहून शेळीपालनात एम. एस्सी. करायला आलेली. हे तिनं भगुलं विसळता विसळता सांगितलं. मराठी कुठं शिकलात, असं त्यानं विचारलं, म्हणजे विचारायला नको होतं, पण विचारलं. "जिंतूरच्या अलीकडं एक गाव हाय," ती म्हणाली. "तिथं उमाजीबाबाच्या शेळ्यांवर माझं काम चालू हाय, दीड वर्ष झालं. दर पंधरा दिवसाला जाते, चार-चार दिवस ऱ्हाते. मी इंग्रजी बोलले की भागुबाई मावशी म्हणायच्या, शेळ्यांना कळंल असं बोल गं बाई." आणि ती हसली. मल्हारही हसला असावा. त्याच्या चेहऱ्यानं काहीतरी केलं एवढं त्याला जाणवलं. उमाजी आणि भागुबाई ही त्याच्या आईवडलांची नावं होती. तो म्हणाला, "असं का." मग खिशातून खडू काढून त्यानं रेघेचं शेवटचं टोक विनाकारण पुन्हा गडद केलं.

गाडीत बसल्यावर त्याला आठवलं, गेलं वर्षभर आई फोनवर मधूनच 'हिरा' म्हणायची. हिरा आलती, हिरा ताप आल्यानं निजून हाय, हिराला भाकर जमायली आता. तो फोनवर बोलताना नकाशे बघत असायचा, हूं हूं म्हणायचा. त्याला वाटलं होतं, हिरा ही शेळी असेल.

पेडगाव रस्त्यावरचं हे विद्यार्थी निवास त्यानंच आठ वर्षांपूर्वी बांधलं होतं. कॉलेज खासगी, शेतीचं आणि पशुपालनाचं, आणि संस्थेचे अध्यक्ष किशनराव यांनी तेव्हा परदेशी विद्यार्थी आणायचं डोक्यात घेतलेलं. इमारतीवर मोठं नाव होतं, पण रिक्षावाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे नुसतं 'इंटरनॅशनल' म्हणत. डावीकडं मुलांच्या खोल्या, उजवीकडं मुलींच्या, मध्ये न तोडता राखलेलं कडुलिंबाचं झाड आणि उघडा चौक, आणि चौकाच्या तोंडाशी सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर. काळ्या दगडाचा सलग लांब ओटा, त्यावर बारा शेगड्या, बसता येईल इतक्या खाली घेतलेल्या खिडक्या. कुणालाही आपल्या खोलीकडं जायचं तर या स्वयंपाकघरावरून जावं लागे. तीच त्या इमारतीची खुबी होती. टांझानियाचा मुलगा मक्याचं घट्ट पिठलं ढवळत असे, अफगाणिस्तानचे दोघं तवा उपडा घालून त्यावर हातभर रोटी टाकत, नेपाळच्या मुली मुळ्याचं लोणचं उन्हात ठेवत, आणि जाणारा येणारा एक घास तोंडात टाकूनच पुढं सरके. उद्घाटनाच्या भाषणात मल्हारनं सांगितलं होतं की परदेशांतल्या विद्यार्थी निवासांचा अभ्यास करून ही रचना केली आहे. पडद्यावर तिकडच्या इमारतींचे फोटोही दाखवले होते. खरं म्हणजे ते फोटो त्यानं नंतर शोधले होते. रचना आली होती ती लहानपणी घरचे उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन गोदाकाठच्या रानात उतरायचे तेव्हाची. मधोमध बायकांच्या तीन दगडांच्या चुली, भोवतीनं सगळ्यांची अंथरुणं, ज्याचं त्याचं तोंड विस्तवाकडं. रानातून दमून येणारा माणूस आधी चुलीपाशी यायचा, मग आपल्या जागेवर जायचा. कागदावर पहिली रेघ ओढली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं ते होतं, आणि ते त्यानं कुणालाही, अगदी बायकोला, अर्पितालाही, सांगितलं नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत परदेशातून येणारे कमी झाले. रिकाम्या खोल्या इकडच्या मुलामुलींना दिल्या गेल्या. पालक आले, नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघरातून फिरले, आणि तक्रारी सुरू झाल्या. मटणाचा वास येतो. आंबलेल्या पिठाचा वास येतो. त्याच शेगडीवर आमच्या मुलीचा चहा होतो. किशनरावांनी मल्हारला बोलावून घेतलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "मल्हारराव, तुमी घरचे. पालकांचंही बरोबर हाय अन् ह्या लेकरांचंही बरोबर हाय. कुणाला दुखवायचं न्हाई आपल्याला. एक भित घालून टाका मधी. फक्त सुबक घाला, कुणाच्या डोळ्यात टोचली न्हाई पायजे." किशनराव वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांना अवघडल्यासारखं होत होतं, आणि समोरच्यानं जरा आडकाठी केली असती तर कदाचित त्यांना बरंच वाटलं असतं. हे मल्हारला तेव्हाच, त्या खुर्चीवरच कळलं होतं. तरी तो म्हणाला, "करता येईल, सर." एवढंच म्हणून थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं पेन काढलं, समोरच्या पाकिटाच्या पाठीवर चौकोन काढला आणि स्वतःहून सुचवलं की खिडक्यांची मोठी बाजू शाकाहारी ठेवावी, तीन शेगड्यांची मागची बाजू इतरांना द्यावी, आणि त्यांना मागच्या अंगानं वेगळं दार काढावं, म्हणजे चौकातून जायचं कारणच उरणार नाही. "वा," किशनराव म्हणाले. "हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." त्या 'वा'नं त्याला बरं वाटलं होतं. मंगळवारनंतर त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं ते हेच, की त्याला बरं वाटलं होतं.

अकराव्या वर्षी तो परभणीच्या एका बोर्डिंगात राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक घोंगडं होतं. लोकर घरच्या मेंढरांची, कातलेली बापानं. पहिल्या सकाळी ते घोंगडं बाहेरच्या कंपाउंडावर टाकलेलं त्याला दिसलं. कुणी टाकलं ते कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. घडी करून आत आणलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. एका मुलानं नुसतं म्हटलं, "त्याचा वास येतो रे," आणि तो मुलगा चांगला होता, त्याला वही देणारा होता. तिसऱ्या दिवशी मल्हारनं घोंगडं काखेत मारलं, रेल्वेच्या पुलाखाली नेऊन ठेवलं आणि मागं न पाहता परत आला. आईला सांगितलं, चोरीला गेलं. आई म्हणाली, "असू दे. ज्यानं नेलं त्याला ऊब व्हईल." त्या वर्षी थंडी बरीच पडली. पण पुढची सगळी वर्षं त्याला थंडीपेक्षा ते वाक्यच झोंबत राहिलं होतं, आणि ते आलं की तो काहीतरी दुसरं काम काढायचा.

मंगळवारी संध्याकाळी त्यानं गावाला फोन लावला. आईनं विचारलं, जेवलास का, अर्पिता बरी हाय का. त्यानं विचारलं, बाबांचा गुडघा कसा आहे. दोघं मग थोडा वेळ पाण्याबद्दल बोलले. हिराचं नाव आईनं काढलं नाही. दर खेपेला काढायची, आज काढलं नाही, आणि फोन ठेवताना त्याला सुटल्यासारखं वाटलं.

भिंत पंधरा दिवसांत उभी राहिली. त्यानं ती सात फुटांची काढली होती, वरून उजेड जाईल म्हणून, पण वास वरूनच येतो असं पालकांचं म्हणणं पडलं आणि ती स्लॅबपर्यंत गेली. तो रोज जायचा नाही, पण जायचाच. मागच्या बाजूला दिवसा दिवा लावावा लागे. ओटा एकसंध दगडाचा होता. तो कापताना गवंड्यानं, परमेश्वरनं, मशीन बंद करून एकदा विचारलं, "साहेब, नक्की ना? एवढा दगुड पुन्हा सांधणार न्हाई." नक्की, मल्हार म्हणाला. पोखर्णीची दैवशाला नावाची एक मुलगी हिरुतच्या शेजारच्या शेगडीवर भाकरी करायची. पीठ दोघींचं एकच असे. हिरुत ज्वारीचं पीठ तीन दिवस आंबवून तिच्याकडची जाळीदार पातळ पोळी करी आणि दैवशाला भाकरी थापे. भिंत झाल्यावर दैवशाला मोठ्या बाजूला गेली. एकदा मल्हार गिलावा पाहत उभा असताना तिनं उलथन्यानं भिंतीवर ठकठक केलं आणि ओरडली, "हिरा, मीठ हाय का गं?" पलीकडून हिरुत ओरडली, "हाय, पर कुठून देऊ?" दोघीही हसल्या. मल्हार पाहतो आहे हे लक्षात आल्यावर दैवशालानं उलथनं खाली ठेवलं आणि "सॉरी सर" म्हणाली. ओल्या गिलाव्यावर उलथन्याची चंद्रकोर उमटली होती. परमेश्वरनं ती थापीनं पुसून टाकली.

या दिवसांत हिरुत त्याला चार-पाचदा भेटली. दर खेपेला ती सरळ त्याच्या डोळ्यांत पाहून "बरं हाय का, दादा" असं विचारी आणि उत्तरासाठी जरा थांबे. तेवढ्या थांबण्यात त्याला सांगता आलं असतं. त्या माझ्या आई आहेत, एवढंच. वाक्य त्यानं गाडीत बसून म्हणूनही पाहिलं होतं. पण मग पुढचं सगळं आलं असतं. मग ही भिंत? मग तुम्ही महिनोन्महिने गावाकडं का येत नाही? आणि किशनरावांच्या कानावर गेलं असतं. ते गेल्यानं काही बिघडलं नसतं, आता कुणाचं काही बिघडत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. तरी तो "बरं आहे" म्हणून पट्टी काढायचा. त्याला वाटायचं, ही मुलगी कशाची तरी वाट पाहते आहे. मग वाटायचं, आपल्याच मनाचे खेळ.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात किशनरावांचा फोन आला. काही पालक काम बघायला येणार आहेत, दुपारी तीनला तुम्हीही या. पाच-सहा जण होते. मोठ्या बाजूला त्यांनी खिडक्या पाहिल्या, नव्या फरशीवरून हात फिरवला, समाधानाचे आवाज काढले. मग किशनराव म्हणाले, चला, तिकडची बाजूही बघून घ्या, आमी काही लपवायलो न्हाई. सगळे इमारतीला वळसा घालून, पाण्याच्या टाकीशेजारून मागच्या दाराशी आले. दार उघडंच होतं. आत धूर होता, पण मटणाचा नव्हता, भाजलेल्या कॉफीचा होता. दुसऱ्या दिवशी हिरुत आपल्या देशी परत जाणार होती आणि तिनं निरोपाची कॉफी मांडली होती. जमिनीवर हिरवं गवत अंथरलेलं, मध्ये छोटी शेगडी, काळं लांबमानेचं मातीचं भांडं, बिनकानाचे इवले पेले. गवतावर दैवशाला बसली होती, अफगाणिस्तानचे दोघं बसले होते, आणि त्यांच्यामध्ये, पाय पोटाशी घेऊन, कोपराला लुगड्याचा पदर गुंडाळून, पेला दोन्ही हातांत धरून त्याची आई बसली होती. शेजारी तिचं गाठोडं. त्यातून ज्वारीचं पीठ जरासं सांडलेलं.

तिनं वर पाहिलं. मल्हार किशनरावांच्या उजव्या हाताला उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात नकाशाची गुंडाळी. ती उठली नाही, हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच परत आत गेलं. किशनरावांनी आपुलकीनं विचारलं, "ह्या कोण?" हिरुत म्हणाली, "माझी मावशी हाय. जिंतूरकडनं आली." सगळे पालक हसले. किशनराव मल्हारकडं वळले. "जिंतूरकडच्या? म्हणजे तुमच्या भागातल्याच की, मल्हारराव. वळखीच्या हायेत का?"

पाच-सहा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अचानक घरी आलं होतं. आई गॅलरीत बसून शेंगा फोडत होती. या कोण, असं त्यानंही विचारलं होतं आणि मल्हार म्हणाला होता, "गावाकडच्या आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. आईनं शेंगा ओच्यात भरल्या आणि ती आतल्या खोलीत गेली. त्यानंतर ती घरी येण्याआधी फोन करून विचारायची, कोणी यायचं न्हाई ना आज? त्यानं तो प्रश्न नेहमी साधा प्रश्न म्हणूनच घेतला होता.

आता त्याचं तोंड उघडलं. खरोखर उघडलं, नंतर त्यानं स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं. पण शब्दाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आईच बोलली. "न्हाई जी," ती किशनरावांना म्हणाली. "साहेबाला मी कुठली वळखायला." आणि तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि तरी कुठं अडखळली नाही. हे वाक्य तिनं आधीच तयार करून ठेवलेलं असणार. हिरुत मान खाली घालून पेल्यात कॉफी ओतत राहिली. "बसा, बसा, चालू द्या," किशनराव म्हणाले. पालक मागं फिरले. मल्हारही त्यांच्याबरोबर फिरला. चौकात कुणीतरी त्याला पाण्याच्या निचऱ्याबद्दल विचारलं आणि त्यानं व्यवस्थित, उतार किती दिला आहे तो आकडाही सांगून, उत्तर दिलं. त्याचा आवाजही स्वच्छ होता.

सगळ्यांच्या गाड्या गेल्या तेव्हा चार वाजून गेले होते. तो टाकीला वळसा घालून मागच्या दाराशी गेला. गवत गोळा करून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. हिरुत एकटीच पेले धूत होती. "मावशी गेल्या," ती न वळताच म्हणाली. "साडेचारची जिंतूर गाडी हाय. दैवशाला बसवून द्यायला गेली रिक्षात."

"त्या माझ्या आई आहेत," मल्हार म्हणाला. इतके दिवस घोकलेलं वाक्य किती लहान निघालं.

"म्हाईत हाय की."

तिनं पेला उपडा ठेवला, हात पुसले आणि वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मावशीच्या घरी भितीवर तुमचा फोटो हाय," ती म्हणाली. "काळा झगा घातलेला, पदवीचा. मी रोज त्याच्याखालीच झोपायचे. पयल्याच दिवशी वळखलं मी तुमाला. म्हणून तर बोलले. मला वाटलं, नाव ऐकलं की तुमी खुश व्हताल. तुमी म्हणलाव, असं का."

"मग पुढं काही बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी दुपारीच मावशीला फोन केला. त्या म्हणल्या, त्याला काही बोलू नगं हिरा. लाजंल त्यो."

म्हणजे संध्याकाळी त्यानं फोन केला तेव्हा आईला सगळं ठाऊक होतं. बाबांचा गुडघा, पाणी, अर्पिता. म्हणजे हे दोन महिने त्या दोघी मिळून त्याला सांभाळत होत्या, आणि तो गाडीतून येत होता, पट्टी काढत होता, "बरं आहे" म्हणत होता. त्यानं भिंतीला हात टेकला. भिंत अजून आतून गार होती. "त्यांना ही कुणी बांधली ते..." तो म्हणाला.

"मीच सांगितलं व्हतं. जाताना हात फिरवला तिच्यावर त्यांनी." हिरुतनं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हणल्या, काम चांगलं हाय. गिलावा लय गुळगुळीत झाला."

तो तिला काहीतरी म्हणाला असणार, प्रवासाला शुभेच्छा वगैरे. ती म्हणाली, "आमच्याकडं तिसरा पेला घेतल्याबिगर उठत न्हाईत. मावशी दोनावर उठल्या." मग ती पुन्हा मोरीकडं वळली.

स्टँडवर त्यानं गाडी कुठं लावली हे त्याला नंतर नीट आठवेना. जिंतूरची एसटी फलाटाला लागलेली होती, निम्मी भरलेली. आई डावीकडच्या चौथ्या बाकावर खिडकीशी बसली होती, मांडीवर गाठोडं, तोंडाला ऊन लागू नये म्हणून पदर धरलेला. तो वर चढला आणि तिच्या शेजारी बसला. तिनं एकदा पाहिलं आणि गाठोडं स्वतःकडं ओढून त्याला जागा केली. "गाडी कुठाय तुझी?" तिनं हळूच विचारलं. आहे, तो म्हणाला. "काम झालं का?" झालं. "मग कशाला आलास एवढ्या उन्हाचा." तिच्या हाताला कॉफीचा वास येत होता, आणि त्याखाली शेळ्यांचा, जो त्याला कुठंही डोळे मिटून ओळखता आला असता. "आई," तो म्हणाला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लोक हायेत."

पुढच्या बाकावर एक वयस्क बाई बसली होती, बहुधा त्याच वाटेवरच्या एखाद्या गावची. ती मागं वळली. तिनं आधी आईचं लुगडं पाहिलं, मग मल्हारचे बूट, मनगटावरचं घड्याळ, शर्ट. "कोण हायेत हे, माय?" तिनं आईला विचारलं.

आईनं मल्हारच्या तोंडाकडं पाहिलं. ती परवानगी मागत होती. तो काय म्हणेल तसं सांगायला ती तयार होती, त्या दुपारी तयार होती तशीच, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

"मुलगा," मल्हार म्हणाला. "मी मुलगा यांचा."

तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. सगळा पत्रा थडथडायला लागला. बाईनं कानामागं हात धरला आणि पुढं वाकून विचारलं, "काय म्हणलाव?" आजूबाजूच्या तीन-चार माना वळल्या. मल्हारचे कान तापले, आणि त्याला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.